पिंपावरच्या खुणा



रासायनिक कारखान्यात नव्यानं लागलेल्या माणसाला पुष्कळ ठिकाणी एका इंग्रजी कागदावर सही करायला सांगतात. सही झाली की शिक्षण झालं! कागद फायलीत जातो आणि माणूस पिंपाशी. त्याला काय कळलं, हे कुणी विचारीत नाही.

वास्तविक पिंपावर बरंच काही लिहिलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत तांबड्या चौकटीच्या नऊ खुणा आहेत. कवटी पाहिली की विष, हे सांगावं लागत नाही. पण छातीवर चांदणी उमटलेला माणूस? कुणाला ते शौर्यपदक वाटलं, तर त्याचा काय दोष! ही खूण सावकाश येणाऱ्या रोगाची. बेंझीनच्या पिंपावर ती असते. बेंझीन आज हुंगलं तर आज कदाचित काहीच होणार नाही. पण वर्षानुवर्षं हुंगलं तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. 'इतकी वर्षं काम करतोय, मला कुठं काय झालं?' असं म्हणणाऱ्या जुन्या गड्याला नेमकं हेच समजावून सांगायला हवं.

अर्धवट इंग्रजीही घात करते. 'इनफ्लेमेबल' यातला 'इन' म्हणजे 'नाही' असं समजून एखादा तिथंच बिडी पेटवायचा! दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारं. म्हणून नव्या पद्धतीत नुसतं 'फ्लेमेबल' लिहितात.

मालाबरोबर सुरक्षा माहितीपत्रक येतं. त्याचे सोळा भाग. सगळे पाठ करायचं कारण नाही. दुसऱ्यात धोका कोणता, चौथ्यात प्रथमोपचार, सहाव्यात सांडलं तर काय करावं, आठव्यात हातमोजे नि मुखवटा कोणता. एवढे चार तरी आपल्या भाषेत ठाऊक हवेत.

का, ते पाहा. सांडपाण्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. माणूस म्हणतो, वास आला की बाहेर येईन. पण हवेच्या दहा लाख भागांत हा वायू शंभर भागांच्या आसपास गेला, की थोड्याच वेळात नाक बधिर होतं. वास थांबला, म्हणजे वायू गेला असं वाटतं, आणि माणूस तिथंच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. तोंडावरचं फडकं इथं काडीच्या उपयोगाचं नाही. टाकी साफ करायला बहुधा कंत्राटी माणसं उतरतात, आणि त्यांना तर तो कागदही दाखवलेला नसतो.

1984 साली भोपाळला विषारी वायूनं हजारो माणसं दगावली. त्यानंतर 1987 साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन, धोक्याची माहिती कामगाराला देणं मालकावर बंधनकारक झालं. तेव्हा माहिती विचारणं ही आगळीक नव्हे.

शिकवणाऱ्यांनाही एक विनंती आहे. वर्ग ऑफिसात भरवू नका, टाकीच्या तोंडाशी भरवा. तुम्ही बोला आणि मग गप्प राहा. आत काय आहे, हवा तपासली कुणी, दोर कुणाच्या हातात, सोबती पडला तर आधी काय करायचं, हे त्या गड्यालाच त्याच्या बोलीत सांगू द्या. तो अडखळला, तर त्या दिवशी त्याला खाली उतरवू नका.