बाटलीतलं ऑर्किड : पैसे देण्याआधी रात्रीचं तापमान मोजा



गेल्या पंधरवड्यात ऑफिसला एकाच विषयावर बरेच फोन आले. सिम्बिडियम ऑर्किडच्या रोपांच्या काचेच्या बाटल्या विकायला माणसं फिरतायत. "दीड वर्षात फुलं" असं सांगतायत. फुलाला भाव असतो हे खरं, पण दीड वर्ष हे खरं नाही. बाटलीतून काढलेल्या रोपाला पहिलं फूल यायला साधारण 3 ते 5 वर्षं लागतात. कर्ज काढून करणार असाल तर हप्त्यांचा हिशोब याच वर्षांवर मांडा.

*आधी रात्र मोजा*
सिम्बिडियमचं खरं घर म्हणजे सिक्कीम, दार्जिलिंग, कालिम्पोंगकडचे डोंगर. केंद्राची ऑर्किड संशोधन संस्थासुद्धा सिक्कीममध्येच, पाक्योंगला आहे. दिवसा 25 अंशांपर्यंत हे झाड मजेत राहतं. पण फुलाची दांडी धरायला पावसाळा सरता सरता रात्री 10 ते 14 अंशांच्या आसपास लागतात, आणि दिवस-रात्रीत साधारण 10 अंशांचा फरक लागतो. रात्र उबदार राहिली की झाड हिरवंगार होतं, पानं लांब सुटतात, फूल मात्र येत नाही. खत वाढवून काही होत नाही.

खाली वाईकडच्या सभासदांनी हा नाद सोडावा. पॉलिहाऊस असेल तर डेंड्रोबियम बघा, त्याला ऊबच लागते. पाचगणी-महाबळेश्वरच्या पठारावरच्यांनीसुद्धा खात्री धरू नये. आपल्याकडे पावसाळ्यात गारवा असतो, पण दिवस आणि रात्र जवळपास सारखीच, आणि धुक्यात उजेड नाही. किमान-कमाल दाखवणारा साधा थर्मामीटर शेडमध्ये टांगा, सप्टेंबर ते डिसेंबर रोजचे आकडे वहीत लिहा. एक हंगाम थांबलात तर बिघडत नाही.

आणि रानात झाडावर सीतेची वेणी फुलते म्हणून सगळं ऑर्किड इथं येईल असं धरू नका. ती ऐन मे-जूनमध्ये फुलणारी, आपल्याच हवेची.

*बाटलीत नेमकं काय आहे हे विचारा*
ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतोच. रानात एक बुरशी त्याला पोसते. 1922 मध्ये अमेरिकेत नड्सन यांनी बुरशीशिवाय, साखर घातलेल्या जेलीवर बी उगवून दाखवलं, तेव्हापासून ही बाटलीची पद्धत आली. पण बियाच्या रोपांत प्रत्येकाचं फूल वेगळं निघतं. बाजाराला एकाच रंगाच्या, एकाच उंचीच्या दांड्या लागतात. त्यासाठी टिश्यू कल्चरची रोपं घ्यावी लागतात. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच! म्हणून जातीचं नाव आणि रोप बियाचं की टिश्यूचं, हे बिलावर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर घेऊ नका.

*बाटली फोडल्यावर*
ज्यांनी आधीच घेतल्यात त्यांच्यासाठी. बाटली उन्हात ठेवू नका, आत रोपं शिजतात. आठ-दहा दिवस शेडच्या सावलीत बंदच राहू द्या. काढायला फेब्रुवारी-मार्च बरा, म्हणजे पावसाआधी मुळं धरतात.

कोमट पाणी घालून हलकेच हलवा. तोंड अरुंद असेल तर बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून फोडा. मुळांवरची जेली पूर्ण धुवा. तिच्यात साखर असते, थोडी जरी राहिली तरी बुरशी तिथूनच सुरू होते. सगळ्यात जास्त रोपं इथंच मरतात. मग लेबलवरच्या प्रमाणात बुरशीनाशकात बुडवून सावलीत निथळू द्या.

माती अजिबात नको. झाडाच्या सालीचे बारीक तुकडे, किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडा कोळसा. सोडण दोन-तीनदा पाण्यात भिजवून पाणी टाकून द्या, त्यात क्षार असतात. चार इंची कुंडीत सारख्या आकाराची पंधरा-वीस रोपं दाटीनं लावा. एकत्र असली की ओलावा टिकतो. पहिला महिना दाट सावली आणि दमट हवा. बाटलीत वाढलेल्या रोपानं वारा कधी पाहिलेला नसतो. पण पानांवर रात्रभर पाणी राहता कामा नये, म्हणून फवारा सकाळीच मारा.

खत तीन आठवड्यांनी सुरू करा. 19:19:19 लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. भाजीला घालतो तो हात इथं आवरा, मुळं जळतात. पाणी शक्यतो साठवलेलं पावसाचं. क्षाराच्या विहिरीचं पाणी दिलं की पानांची टोकं काळी पडतात.

*पुढची वर्षं*
सहा-नऊ महिन्यांनी एकेक रोप छोट्या कुंडीत, मग दरवर्षी थोडी मोठी कुंडी. मोठ्या झाडाला उजेड वाढवा, 50 टक्क्यांची शेडनेट पुरते. पान गर्द हिरवं म्हणजे उजेड कमी, किंचित पिवळसर हिरवं म्हणजे बरोबर. लाल कोळी पानाच्या मागे असतो, तिथं बघा. पावसाळ्यात गोगलगाई कोवळी कळी एका रात्रीत खातात. विषाणू कात्रीनं पसरतो, म्हणून प्रत्येक झाडानंतर पातं जाळावर धरा.

कंद चांगले जाड झाले की बुडातून दांडी येते. नवी फूट चपटी असते आणि तिची पानं पंख्यासारखी सुटतात. फुलाची दांडी गोल, भरीव, पेन्सिलीसारखी. ती दिसली की कुंडी फिरवू नका, काठीचा आधार द्या. पहिल्या बहरात फुलं कमीच येतात. काढणी शेवटच्या एक-दोन कळ्या उरल्यावर करा, लवकर काढलेल्या दांडीवर कळ्या नीट उमलत नाहीत.

बाटली घेण्याआधी बिलाचा आणि बाटलीचा फोटो ऑफिसच्या नंबरवर टाका, ग्रुपवर नको. ज्यांनी घेतल्यात त्यांनी किती घेतल्या आणि कधी, तेवढं कळवा. शनिवारी स्ट्रॉबेरीच्या मातृरोपांचा मेसेज येईल.