लाटेवरून उडालात, आता उतरायचं कुठे?

पतंगाला ढील कधी द्यायची आणि कधी खेचायचं, हे सौंसरकडच्या बोरगावच्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही. संक्रांत जवळ आली की गच्चीवर ते आपोआप हाताला कळतं. समुद्र मात्र इथून सरळ रेषेत मोजला तरी सहाशे किलोमीटरच्या पलीकडे. तरीही सौंसर-पांढुर्ण्याकडची तरुण मुलं सुट्टीत गोव्याला जातात, मोरजी किंवा आश्वेच्या किनाऱ्यावर उभी राहतात आणि पायाला फळी, कमरेला पट्टा, डोक्यावर भलामोठा पतंग अशी माणसं लाटेवरून उडताना पाहतात. आपल्यालाही जमेल, असं त्यांना वाटतं. जमेलही. पण काइटसर्फिंगमध्ये वर जाणं सोपं असतं. पतंगच वर नेतो. खाली येणं माणसाला स्वतः करावं लागतं, आणि ते कसं होणार हे बहुतेक वेळा पाय पाण्यावरून सुटण्याआधीच ठरलेलं असतं.

आधी वाऱ्याचं पाहू. भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा जमिनीकडे सरकते. पेडणे तालुक्यातल्या हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या किनाऱ्यांवर हा खेळ चालतो तो याच खाऱ्या वाऱ्याच्या जोरावर. पावसाळा सरल्यापासून मेपर्यंत दुपारनंतर वायव्येकडून वारा धरतो, साधारण १० ते १५ नॉटचा. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर हा वारा उजव्या खांद्यावर येतो आणि तिरका किनाऱ्याकडे जातो. शिकणाऱ्यासाठी ही मोठी कृपा आहे, कारण पडलेला माणूस खोल समुद्राकडे न जाता हळूहळू वाळूकडे येतो. जूनमध्ये सगळंच बदलतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ज्या समुद्रात पिढीजात रापणकर आणि खलाशी उतरायला कचरतात, त्यात पाहुण्याने पतंग घेऊन उतरू नये.

या पतंगाला मांजा एक नसतो, दोऱ्या चार असतात, प्रत्येकी २० ते २४ मीटर लांब. पुढच्या दोन दोऱ्या मधल्या पट्ट्यातून कमरेच्या हार्नेसला जोडलेल्या असतात, त्यामुळे बहुतेक ओढ हातांऐवजी कमरेवर येते. मागच्या दोन दोऱ्या हातातल्या आडव्या दांड्याच्या, म्हणजे बारच्या, टोकांना असतात. बार जवळ ओढला की पतंगाची मागची कड खाली येते आणि ओढ वाढते. बार दूर सारला की ओढ कमी होते. गच्चीवरची ढील आणि खेच ती हीच. फरक एवढाच की इथे दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला चक्री नसून माणूस आहे. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेनू या भावांनी १९८४ मध्ये हवा भरून फुगवायच्या पतंगाचं पेटंट घेतलं. पाण्यात पडला तरी तो तरंगतो आणि पुन्हा उचलता येतो. पण सुरुवातीच्या पतंगांना पुरेशी ढील देता येत नसे. ओढ जवळजवळ पूर्ण सोडता येणारे पतंग बाजारात आले ते या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यावर, आणि माझ्या मते हा खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात खऱ्या अर्थाने तेव्हाच आला.

वेग का आवरायचा, याचं उत्तर साध्या गणितात आहे. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. १२ नॉटचा वारा २४ झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. त्यातच पतंग स्वतः हवेत फिरत असला तर त्याला लागणारा वारा आणखी वाढतो. म्हणून पतंग कुठे आहे, हे हातातल्या बारइतकंच महत्त्वाचं. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि समोर एक मोठं घड्याळ कल्पा. डोक्यावर बारा, डावीकडे नऊ, उजवीकडे तीन. कडेकडेने फिरणारा पतंग शांत असतो. घड्याळाच्या मधोमध, तुमच्या थेट समोर खाली आलेला पतंग सगळ्यात जोरात ओढतो. मोरजीला समुद्राकडे निघालं की पतंग एक-दोनच्या दरम्यान असतो.

वेग जास्त झाला की नवशिका घाबरून बार आणखी घट्ट छातीशी धरतो. नेमकं उलट करायचं असतं. बार दूर सारायचा, पतंग थोडा बाराकडे चढवायचा, गुडघे वाकवून वजन मागच्या पायावर न्यायचं आणि टाचांनी बोर्डची वाऱ्याकडची कड पाण्यात दाबायची. कड दाबली की बोर्ड वाऱ्याच्या दिशेला वळतो आणि वेग मरतो. सपाट पाण्यावर हे एका दुपारीही अंगवळणी पडू शकतं. लाटांमध्ये मात्र पाणी स्वतः चालत असतं, आणि तिथे खरी परीक्षा होते.

समुद्राकडे जाताना समोरून फुटलेली लाट, पांढरा फेस येतो. त्यात वेगाने घुसलात तर बोर्डचं नाक फेसाखाली जातं आणि पतंग माणसाला पुढे भिरकावतो. फेस येण्याआधीच वेग कमी करायचा, पतंग वर घ्यायचा, नाक हलकं करायचं आणि फेस शक्य तितका समोरासमोर घ्यायचा. पलीकडे गेल्यावर पतंग पुन्हा खाली आणून ओढ घ्यायची. परतीच्या वाटेवर अडचण उलटी. लाटेच्या उतारावरून किनाऱ्याकडे येताना तुम्ही वाऱ्याच्याच दिशेने पळता, म्हणून पतंगाला लागणारा वारा कमी होतो आणि दोऱ्या ढिल्या पडतात. ढिल्या दोऱ्यांचा पतंग पडू शकतो किंवा अचानक ताण येऊन झटका देतो. म्हणून लाटेवर वळण्याआधी पतंग वळवायचा, त्याला सतत थोडा फिरता ठेवायचा आणि पतंगाला मागे टाकून पुढे धावायचं नाही.

आता उडी. वेगाने यायचं, कड घट्ट दाबून दोऱ्यांत ताण भरायचा, पतंग दीडवरून बाराच्या पलीकडे अकराकडे धाडायचा, आणि तो डोक्यावर येत असताना कड सोडून बार ओढायचा. लाटेचा चढ पायाखाली असला तर उडी आणखी उंच जाते. मोह होतो तो इथेच. चढ जितका उभा तितकी उडी मोठी, पण जिथे लाट उभी होते तिथे पाणी उथळ असतं. लाट फुटते ती पाण्याची खोली तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की. म्हणजे एक मीटरची लाट फुटताना खाली जेमतेम सव्वा मीटर पाणी आणि त्याखाली घट्ट वाळू.

पतंगाचा आधार नसता तर तीन मीटरवरून पडणारा माणूस ताशी सुमारे २८ किलोमीटरच्या वेगाने पाण्याला भिडला असता, पाच मीटरवरून ३६ च्या. म्हणून आधार शेवटपर्यंत टिकवणं हेच उतरण्याचं मर्म. सर्वोच्च बिंदूवर पोचताच नजर उतरायच्या जागेवर हवी. पतंग अकरावर विसरला की तो मागे पडतो, आणि माणूस दगडासारखा खाली येतो. वरून खाली येतानाच पतंग पुन्हा बाराकडे, मग एककडे आणायचा आणि पाणी लागण्याच्या जरा आधी दोनकडे झुकवायचा. तो पुढे आणि वर ओढतो, पडणं मंदावतं, आणि खालचा वेग पुढच्या वेगात मिसळतो. बोर्डचं नाक वाऱ्याबरोबर, पतंगाच्या दिशेला. आधी मागचं टोक टेकवायचं, गुडघे वाकलेले. ताठ पायांनी आणि बोर्ड आडवा ठेवून उतरणं, गुडघ्यांच्या दुखापतीला आमंत्रण आहे.

लाटांमध्ये जागाही निवडावी लागते. दीड मीटर खोल पाण्यात लाट ताशी सुमारे १४ किलोमीटरने किनाऱ्याकडे येते. तुम्ही समुद्राकडे जात येणाऱ्या लाटेच्या चढावर उतरलात तर दोन्ही वेग एकमेकांत मिळतात. पुढे गेलेल्या लाटेच्या पाठीवर उतरलात तर पाणी तुमच्यापासून उतरत जातं आणि आपटणं सौम्य होतं. फेसात उतरू नये. त्यात हवा भरलेली असते, तो वजन पेलत नाही. खाली वाऱ्याच्या दिशेला निदान ५० मीटर, म्हणजे दोरीच्या दुप्पट जागा मोकळी नसेल तर उडीच मारायची नाही. पोहणारे, होडी, खांब, यांपैकी काहीही तिथे असू शकतं.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली फॉर्म्युला काइट पहिल्यांदा आलं, शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या, आणि ऑस्ट्रियाच्या व्हॅलेंटिन बोंटसने व ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिजने सुवर्ण जिंकलं. ती शर्यत वेगाची असते. फ्रान्सच्या ॲलेक्स केझर्ग या काइटस्वाराने २०१७ मध्ये ५७.९७ नॉटचा, म्हणजे ताशी १०७ किलोमीटरचा वेग गाठला, तोही सपाट पाण्यावर. लाटांतला कसबी काइटसर्फर यांच्याहून वेगळा असतो. लाट येण्याआधी तो वेग किती अचूक कमी करतो, यावरून मला त्याचं कसब ओळखता येतं.

दोऱ्यांचीही काळजी घ्यावी. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये बंदी घातली, कारण त्याने गळे आणि पंख कापले. काइटच्या दोऱ्या त्याहून कितीतरी मजबूत असतात, शेकडो किलोंचा ताण पेलतात. त्या बोटाभोवती कधी गुंडाळू नयेत. आणि वाळूवरून पतंग वर घेण्याआधी क्विक रिलीज, म्हणजे ओढ तोडून टाकणारी खटक्याची सोय, डोळे मिटून हाताला सापडते का ते पाहावं.

तर बोरगाव-सौंसरच्या मुलांनो, गोव्याला गेलात तर पहिले दिवस शांत पाण्यात काढा, प्रशिक्षकाकडे उडीपेक्षा थांबणं शिकायचा हट्ट धरा, आणि लाटेवर पहिली उडी मारण्याआधी किनाऱ्यावर बसून तासभर लाटा कुठे फुटतात ते पाहा. मोरजी आणि मांद्र्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. दोरीने राखून ठेवलेल्या त्या जागेपासून पतंग दूरच ठेवा.