पेटीवरचा पत्ता

फलटणमध्ये सहकार म्हटलं की आधी ऊस डोळ्यांपुढे येतो. नीरा उजव्या कालव्याचं पाणी पोचलं तिथं ऊस आणि कोरड्या पट्ट्यात डाळिंब, अशी तालुक्याची ढोबळ वाटणी. कारखान्याच्या वजनकाट्यावरून पुढे गेलेला ऊस कोणाचा, हे कोणी विचारत नाही. सगळ्यांचा रस एकत्र होतो, साखरेच्या पोत्यावर शेतकऱ्याचं नाव उरत नाही. तोच शेतकरी भेंडी किंवा डाळिंब सुपरमार्केटला द्यायला निघाला की पेटीमागे मालक लागतो, गट नंबर लागतो, शेवटच्या फवारणीची तारीख लागते. हा दुसरा सहकार महाराष्ट्र शिकला तो द्राक्षांतून, महाग्रेप्सकडून.

महाग्रेप्सची स्थापना १९९१ची, कार्यालय पुण्यात. राज्य कृषी पणन मंडळाच्या पुढाकारानं नाशिक, सांगली, सोलापूरसारख्या जिल्ह्यांतल्या द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था भागीदार झाल्या. रचना हुशारीची होती. बाग शेतकऱ्याची, शीतगृह त्याच्या संस्थेचं आणि परदेशी गिऱ्हाईक शोधून माल विकून देण्याचं काम महाग्रेप्सचं. तासगावच्या दोन एकरवाल्यानं लंडनच्या खरेदी अधिकाऱ्याशी बोलायचं कधी आणि कोणत्या भाषेत? तोवर त्याची गाठ पडायची ती बांधावर भाव ठरवून जाणाऱ्या व्यापाऱ्याशी. पैसे न देताच पसार झालेल्या व्यापाऱ्यांच्या गोष्टी द्राक्षपट्ट्यात आजही प्रत्येक हंगामात ऐकू येतात.

सुरुवातीचा माल युरोपात नाकारला गेला. चव चांगली होती, पण मण्यांचा आकार, रंग आणि टिकाऊपणा तिथल्या दुकानांच्या मापात बसत नव्हता. मग विरळणीपासून धडे सुरू झाले. काढलेले घड काही तासांत प्रीकूलिंगला, म्हणजे झटपट थंड करायला, जायला हवेत, नंतर शून्य अंशाच्या आसपास साठवण हवी, पेटीत बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइडचा कागद हवा. न्हावाशेवाहून निघालेला कंटेनर समुद्रात आठवडेच्या आठवडे असतो. उतरवून घेताना देठ हिरवा दिसला तरच भाव.

त्याहून कडक परीक्षा फवारणीच्या अंशाची. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडले आणि सगळा व्यापार हादरला. त्यातून २००६मध्ये अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट व्यवस्था उभी राहिली. बागेची नोंदणी करायची, काढणीआधी प्लॉटमधला नमुना प्रयोगशाळेत द्यायचा आणि नापास झाला तर त्या प्लॉटचा माल युरोपला जाणार नाही. पुढे २०१०मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशांवरून पुन्हा कंटेनर अडकले, शेतकऱ्यांचं मोठं नुकसान झालं. माझ्या मते यात शेतकऱ्याइतकाच दोष वेळेवर नीट माहिती न पोचवणाऱ्या यंत्रणेचाही होता. ग्रेपनेटचाच धडा पुढे डाळिंबासाठी अनारनेट आणि भेंडीसाठी व्हेजनेट म्हणून आला, म्हणजे थेट फलटणच्या शिवारात.

निर्यातीची ही द्राक्षं सेंद्रिय नव्हेत. औषधं वापरायची, पण मर्यादेत आणि नोंद ठेवून. सेंद्रिय मालाला त्याच्या पुढची पायरी चढावी लागते. पीजीएस-इंडिया पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेताची तपासणी करतो. खर्च कमी येतो, पण शेजाऱ्यानं रात्री युरिया टाकला तर ते सांगायचं धाडस दुसऱ्या शेजाऱ्यालाच करावं लागतं. भावकीतल्या माणसाला हे किती जड जातं ते कुठल्या अर्जात लिहिलेलं नसतं. निर्यातीसाठी तर पीजीएसचं प्रमाणपत्र चालत नाही, तिथं एनपीओपी या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाची त्रयस्थ तपासणी लागते.

पुण्या-मुंबईच्या दुकानांचा रस्ता तुलनेनं सोपा झाला आहे. २०१६मध्ये राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. तरी दुकानाला माल रोज हवा असतो, तोही एका मापाचा. भेंडी एखाद-दुसऱ्या दिवसाआड तोडली नाही तर जून होते आणि अर्ध्या एकरातून रोजची गाडी भरत नाही. म्हणून गटाला लागवडीच्या तारखा वाटून घ्याव्या लागतात: कोणी आधी, कोणी पंधरवड्यानं, कोणी त्याच्याही मागून. चढा भाव मिळण्याचा हंगाम सगळ्यांना ठाऊक असतो आणि मागची तारीख कोणालाच नको असते.