गावरान टोमॅटोची चव नेमकी असते कुठे?

संगमनेर-अकोल्याकडे टोमॅटो म्हणजे क्रेटचं पीक. माल नारायणगावच्या बाजारात जातो, तिथून लांबच्या शहरांत. म्हणजे फळ कसं हवं, हे प्रवास ठरवतो : साल जाड, गर घट्ट, आत रस कमी. परसातल्या गावरान टोमॅटोचं याच्या उलट. साल पातळ, अंगावर खाचा, आणि चिरला की रस विळीवरून ओघळतो.

आता हा टोमॅटो आडवा कापून बघा. आत कप्पे दिसतील. बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात आंबटपणा जास्त असतो, बाहेरच्या गरात गोडी. तोंडाला चव आणणारं ग्लुटामेटही या रसातच जास्त. म्हणून घट्ट फळाच्या कोशिंबिरीला फोडी छान पडतात, पण सार मात्र फिकं होतं. गावरानाच्या फोडींचा लगदा होतो, पण साराला त्याचीच चव येते.

दुसरी गोष्ट रंगाची. बऱ्याच जुन्या वाणांत कच्च्या फळाचे खांदे, म्हणजे देठाजवळचा भाग, गडद हिरवे असतात. फळ सगळीकडून सारखं पिकावं म्हणून हा गुण निवडीत काढून टाकला गेला. त्याबरोबर फळातलं हरितद्रव्य घटलं आणि थोडी साखरही. हे 2012 मध्ये संशोधनातून पुढे आलं. उरलासुरला वास आपण घालवतो, टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवून! साधारण 12 अंशांखाली वासाची द्रव्यं तयार होणं मंदावतं.

मग बी कुठलं धरायचं? संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी तसंच फळ देत नाही. गावरान किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'धनश्री'सारख्या सरळ वाणाचं धरता येतं, कारण टोमॅटोचं परागीकरण बहुतेक त्याच फुलात होतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, ती असंच गावरान बियाणं जपण्यासाठी.

फक्त एक करा, बी धरताना आकार बघू नका. नुसतं मोठं, टणक फळ निवडत गेलात, तर बाजारानं जे केलं तेच आपण परसात करू. चार-पाच निरोगी झाडांची फळं चाखा. ज्याची चव आवडली, त्या झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या. बिया रसासकट एक-दोन दिवस भांड्यात आंबवा, म्हणजे बुळबुळीत थर सुटतो. मग धुवा, सावलीत वाळवा आणि पुडीवर झाडाची खूण लिहून ठेवा.