ऑइलचा लाल दिवा लागला की उशीर झालेला असतो, म्हणून डिपस्टिक बघायला शिका!

गणपतीला गावी निघालात. गाडीची सर्व्हिसिंग पाच महिन्यांपूर्वीच झालीय, टायरमध्ये हवा आहे, टाकी फुल्ल आहे. घाटातल्या एका वळणावर डॅशबोर्डवर तेलाच्या झारीसारखा लाल दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. आपण म्हणतो, "सेन्सरचा काहीतरी लोचा असेल," आणि गाडी पुढे दामटतो.

गफलत इथेच होते. कारण बहुतेक गाड्यांमध्ये हा दिवा इंजिनमध्ये ऑइल किती आहे हे सांगतच नाही.

मग तो सांगतो तरी काय?

इंजिनच्या तळाशी ऑइलचा चेंबर असतो. पंप तिथून ऑइल ओढतो आणि दाबाने क्रँकच्या बेअरिंगपर्यंत, वर कॅमपर्यंत पोहोचवतो. लाल दिवा जोडलेला असतो तो या दाबाला. दाब साधारण अर्ध्या बारच्या आसपास घसरला की दिवा पेटतो.

आता मेख बघा. चेंबरमधलं ऑइल बरंच कमी झालं, तरी पंपाची नळी बुडालेली आहे तोवर दाब टिकून राहतो आणि दिवा गप्प बसतो. पातळी आणखी खाली गेली की वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं, नळी हवा ओढते आणि दिवा लुकलुकतो. म्हणजे गच्चीवरची टाकी संपत आल्यावर नळातून फुसफुस हवा यावी, तसाच हा प्रकार.

त्यामुळे हा दिवा लागला की "पुढच्या पंपावर बघू" म्हणायचं नाही. गाडी सुरक्षित जागी घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. ऑइल पुरेसं असूनही दिवा जात नसेल, तर गाडी टो करूनच न्यायची. ऑइलशिवाय बेअरिंग खराब व्हायला काही मिनिटं पुरतात आणि मग इंजिनचं काम निघतं.

पण सर्व्हिसिंग केलं होतं, मग ऑइल गेलं कुठे?

थोडं ऑइल पिस्टन रिंगच्या कडेने वर जाऊन जळतंच. जुन्या इंजिनात, घासलेल्या सीलमुळे किंवा खराब टर्बोमुळे जास्त जळतं. हिशोब साधा आहे. दर १,००० किलोमीटरला फक्त १०० मिलिलिटर ऑइल जळत असेल, तर १०,००० किलोमीटरच्या सर्व्हिसिंगपर्यंत १ लिटर संपतं. अनेक गाड्यांमध्ये कमाल आणि किमान खुणांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं. म्हणजे खाली एक थेंब न गळताही पातळी किमान खुणेवर येते.

हे आधीच सांगायला लेव्हल सेन्सर असतो ना?

असतो, पण सगळ्या गाड्यांमध्ये नाही. बीएमडब्ल्यू, ऑडी, पोर्शे यांच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये डिपस्टिकच नसते, पातळी स्क्रीनवर दिसते.

चेंबरच्या तळाशी बसवलेल्या या सेन्सरचे दोन प्रकार जास्त वापरले जातात. एकात बारीक तार क्षणभर तापवतात. ऑइलमध्ये बुडालेली तार हवेतल्या तारेपेक्षा लवकर थंड होते, त्यावरून पातळी कळते. दुसरा खालून ध्वनिलहर सोडतो आणि ऑइलच्या पृष्ठभागावर आपटून ती किती वेळात परत येते ते मोजतो.

सेन्सरचा मोठा फायदा म्हणजे तो विसरत नाही. आपण सहा-सहा महिने बॉनेट उघडत नाही, तो मात्र गाडी चालवताना लक्ष ठेवतो. पण नेमकं मोजमाप मिळायला अनेक गाड्यांमध्ये इंजिन पूर्ण गरम आणि गाडी सपाट जागेवर असावी लागते. शिवाय तो स्वतः बिघडू शकतो.

डिपस्टिक काय जास्त सांगते?

गॅरेजमध्ये हिलाच ऑइल गेज म्हणतात. ना वायर, ना सॉफ्टवेअर, फक्त खुणा केलेली धातूची पट्टी. पण ती पातळीबरोबर ऑइलचा नमुनाही हातात देते.

पट्टीवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलंय. पावसात गाडी पाण्यात बुडाली असेल, तर स्टार्टर मारण्याआधी हे बघायलाच हवं. आणि पट्टी स्वच्छ दिसली तरी मेकॅनिकने बघेपर्यंत गाडी सुरू करू नका, कारण पाणी सिलिंडरमध्येही असू शकतं.

डिझेल गाडीत पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर तोही इशारा आहे. बीएस-६ डिझेल गाड्यांमधल्या फिल्टरची काजळी जाळण्यासाठी अनेक इंजिनं जादा डिझेल फवारतात. रोज छोट्याच फेऱ्या होत असतील तर ही प्रक्रिया अर्धवट राहते, थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिझेल इंजिनचं ऑइल नुसतं काळं दिसलं, तर मात्र घाबरू नका. ते लवकर काळं होतंच.

तपासायचं कसं?

१. गाडी सपाट जागेवर लावा. घाटात किंवा उतारावर मिळालेला आकडा चुकीचा असतो.

२. इंजिन गरम झाल्यावर बंद करा आणि ५ ते १० मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल चेंबरमध्ये उतरेल. काही कंपन्या थंड इंजिनवर बघायला सांगतात, त्यामुळे गाडीचं मॅन्युअल एकदा वाचा.

३. पिवळ्या किंवा केशरी कडीची पट्टी ओढा, कापडाने पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा. पहिल्यांदा काढल्यावर दिसतं ते धरायचं नाही.

४. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असेल तर ठीक. किमान खुणेजवळ असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच ऑइल थोडं थोडं टाका आणि दर वेळी पुन्हा बघा.

"थोडं जास्त असलेलं बरं" हा हिशोब इथे चालत नाही. पातळी फार वर गेली तर फिरणारा क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि फेसाळ ऑइल नीट वंगण देत नाही. सीलवरही ताण येतो.

मग सेन्सर की डिपस्टिक?

दोन्ही असतील तर दोन्ही वापरा. फक्त सेन्सर असेल तर महिन्यातून एकदा स्क्रीनवरची पातळी स्वतः उघडून बघा, इशाऱ्याची वाट बघू नका. आणि फक्त लाल दिवा आणि डिपस्टिक असेल, तर तुमच्या गाडीतला लेव्हल सेन्सर तुम्हीच आहात. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी बॉनेट उघडा. एक जुना कपडा आणि पाच-दहा मिनिटं, एवढाच काय तो खर्च.