संगणकाचा सातबारा



मालेगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला नाशिककडचे आठवते. मी सांगतो आहे ते आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावचे. तिथल्या एका खेड्यातले शिक्षक मध्यंतरी माझ्याकडे आले. हातात पेन ड्राइव्ह, चेहरा उतरलेला. स्नेहसंमेलनाचे फोटो आणि नववीच्या गुणांची यादी त्यांच्या हातून पुसली गेली होती. "सर, सगळं गेलं का हो?" मी उलट विचारले, "पुसल्यावर त्यात नवीन काही भरलं का?" ते म्हणाले, "थोडी गाणी भरली."

मी असे का विचारले, ते समजण्यासाठी आपण आधी वावरात जाऊ.

पेन ड्राइव्ह हे एक वावर समजा. त्याचे सारख्या मापाचे गुंठे पाडलेले असतात. त्यांना ब्लॉक म्हणतात. एक ब्लॉक पुष्कळदा 4096 बाइटांचा असतो. साधे इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते. अर्धा गुंठा कोणाला मिळत नाही. 10,000 बाइटांच्या फाईलला तीन ब्लॉक, म्हणजे 12,288 बाइट द्यावे लागतात आणि 2,288 बाइट पडीत राहतात. दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा बहुधा अख्खा गुंठा अडवून बसते.

आता कोणता गुंठा कोणाचा, हे काही वावरात लिहिलेले नसते. ते तलाठ्याच्या दप्तरात असते. या पेन ड्राइव्हचे दप्तर फॅट नावाच्या पद्धतीचे होते. ही पद्धत जुनी, 1977 साली मायक्रोसॉफ्ट कंपनीसाठी तयार झालेली. तिच्यात एका वहीत फाईलचे नाव, लांबी आणि पहिल्या ब्लॉकचा क्रमांक असतो. दुसऱ्या तक्त्यात प्रत्येक ब्लॉकपुढे "यानंतरचा अमुक" एवढेच लिहिलेले. अशी साखळी धरत धरत संगणक फाईल वाचतो.

वावर नवे असते तेव्हा जमीन सलग मिळते. पुढे काही पुसले, काही भरले, की मधे मधे रिकाम्या जागा पडतात आणि मोठी फाईल तुकड्या-तुकड्यांत जाऊन बसते. तुकड्यांचा त्रास कास्तकाराला काय सांगावा! त्यासाठी मुंबई प्रांतात 1947 साली कायदाच करावा लागला होता.

आता पुसणे म्हणजे काय, ते बघा. फॅटमध्ये फाईल पुसली की नावाच्या पहिल्या अक्षरावर खूण पडते आणि साखळीचा तक्ता तेवढ्यापुरता कोरा होतो. नोंद खोडली, पीक मात्र उभेच! पहिला गुंठा आणि लांबी खोडलेल्या नोंदीतून बहुधा कळते. पुढची साखळी गेलेली असते. म्हणून शोधणारा प्रोग्रॅम तिथून सलग गुंठे उचलतो. फाईल सलग असेल तर ती जशीच्या तशी परत येते. तुकड्यांत असेल तर पंचाईत.

सरांचे तसेच झाले. यादी लहान, दोनच ब्लॉकांची आणि सलग. ती पूर्ण आली. फोटोंपैकी काही नीट आले. काहींत वर लेझीम खेळणाऱ्या मुली आणि खाली नुसता राखाडी पट्टा. जिथे गाणी बसली होती तिथले फोटो कायमचे गेले. गाण्यांचा मोह आवरला असता तर तेही बहुधा मिळाले असते.

पुढच्या पद्धती शहाण्या निघाल्या. लिनक्सवर 2008 पासून वापरात आलेली एक्स्ट-४ "इथपासून तिथपर्यंत सलग" अशी एकच नोंद करते. शिवाय किती जागा लागेल याचा अंदाज येईपर्यंत थोडी थांबते आणि मग गुंठे वाटते. दप्तरातला बदल आधी फेरफारासारखा वेगळा टिपून ठेवते. मधेच वीज गेली तरी दप्तराचा मेळ बसतो. फॅटमध्ये ही सोय नाही, म्हणून लिहिणे चालू असताना पेन ड्राइव्ह उपटू नये.

तेव्हा चुकून काही पुसले गेले, तर पेन ड्राइव्ह रीतसर काढून बाजूला ठेवा; त्यात एक चिठ्ठीही भरू नका. आणि जुना पेन ड्राइव्ह दुसऱ्याला देताना उलट ध्यानात असू द्या: मुलांची नावे, गुण, घरचे फोटो नुसते पुसून जात नाहीत. मोबाईलवर आणि नव्या चकतीविना डिस्कवर मात्र हा भरवसा धरू नका. तिथे रिकामे झालेले गुंठे यंत्र स्वतःच पुष्कळदा लवकर साफ करून टाकते.