आधी रक्ताचा कागद दाखवा

आजीच्या पुण्यानुमोदनाला देवळीच्या विहारात बरेच जण बोलले. अकरा वर्षांची असताना ती वडिलांचे बोट धरून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षेला गेली होती, हे कुणी सांगितले. शेवटी शेजारच्या गावातली एक सून उठली. "माझं लग्न टिकलं ते आजींमुळे," एवढेच म्हणून बसली. बहुतेकांना कळले.

आजीचा थोरला मुलगा, माझे मोठे काका, मी पाहिले नाहीत. थंडी पडली की त्यांचे हातपाय दुखत, डोळे पिवळे होत, रात्रभर कण्हत. कुणी वात म्हटले, कुणी कावीळ. धम्म स्वीकारलेल्या घरात अंगारेधुपारे नव्हते, पण निदानही नव्हते. चौदाव्या वर्षी ते गेले. 'आईच्याच अंगात दोष' हे आजीने पुढे कितीतरी वर्षे ऐकले.

मग विहारात सिकलसेलचे शिबिर लागले. आजी रांगेत पहिली. अहवाल आला : वाहक. डॉक्टरांनी समजावले, हा आजार व्हायला आई आणि वडील दोघांकडूनही तो गुण यावा लागतो. आजोबा तेव्हा हयात नव्हते.

घरात आम्ही म्हटले, बाहेर बोलू नकोस, नातींची लग्ने व्हायची आहेत. सांगणाऱ्यांत मीही होते. पौर्णिमेच्या वंदनेनंतर ती उभी राहिली. "मी वाहक आहो. माहा पोरगा याच्यानंच गेला. लपवून कोनाचं भलं झालं सांगा."

विदर्भात हा आजार आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासींमध्ये बराच आढळतो. म्हणून तो 'जातीचा रोग' नव्हे. जिथे पिढ्यान्पिढ्या मलेरिया होता तिथे वाहक माणसे तग धरून राहिली. आफ्रिकेत, अरबस्तानातही तो आहे. वाहक हा रुग्ण नसतो, त्याला सहसा काही त्रास होत नाही. मात्र नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच वाहक असेल तर मूल वाहक होऊ शकते, आजारी नाही.

त्या सुनेचे हेच झाले. ती वाहक निघाली आणि सोयरीक मोडायला आली. आजी मुलाकडे जाऊन बसली. "पोरीचा कागद पाह्यला, आता तुमच्या पोराचा दाखवा." मुलगा वाहक नव्हता. मंगल परिणय ठरल्या तारखेला झाला.

बोटातल्या थेंबभर रक्ताची पहिली चाचणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. त्यात दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून वाहक की रुग्ण ते कळते. घरात रुग्ण असेल तर भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, रोजची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी. हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टर सांगतील तशीच घ्यावी. रक्त कमी म्हणून आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या देऊ नयेत. ताप आला, छातीत दुखले, दम लागला तर सकाळची वाट पाहू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही पुष्कळांना माहीत नसते.

आजीचा अहवाल बाबासाहेबांच्या तसबिरीमागे खोचलेला आहे. त्याला लागून माझा. धाकट्या भावाचा अजून यायचा आहे.